कच्ची कीर्द

तुर्भ्याच्या मसाला बाजारात, मिरचीच्या गाळ्यावर
एकवीस वर्षं हिशेब लिहिते मी.
बेडगी उतरली की नाकाला आधी कळतं,
लवंगी उतरली की घशाला.
मूत्राशयाला सगळ्याच कळतात,
हे मात्र फार उशिरा कळलं.

सहा वर्षं लघवी तपासली.
दर कागदावर तेच: जंतू वाढले नाहीत.
मग काय वाढलं होतं, ते छापायला
कागदावर रकाना नव्हता.
जाऊबाई म्हणाल्या, मनाचं असतं गं.
धनजीशेठ म्हणाले, लिंबूपाणी पी ताई, सगळं धुऊन निघेल.
प्याले.
त्या रात्री पलंग ते संडास, नऊ पावलं,
सतरा वेळा मोजली.

नवरा महापालिकेत व्हॉल्व्हमन.
अर्ध्या कोपरखैरण्याला पाणी
घड्याळ लावून सोडतो, घड्याळ लावून बंद करतो.
माझ्याकडे बघायचा आणि
पान्ह्याला नुसता हात लावून ठेवायचा.

वाशीच्या मॅथ्यू डॉक्टरीणबाईंनी
पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.
"आतलं अस्तर हुळहुळं झालंय, भाजल्या जिभेसारखं.
औषध थोडं. बाकी तुमच्या ताटात."
चहा नको, टोमॅटो नको, चिंच, लिंबू, दही नको,
आणि (इथे त्यांनी वर पाहिलं,
माझ्या साडीला बाजाराचा वास येत होता)
मिरची.

गाळ्यातलीच एक कोरी वही घेतली.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
दुधी, जमा.
पडवळ, जमा. नाशपती सोलून, जमा.
दिघ्याच्या लग्नात श्रीखंड, एकच चमचा:
नावे, दोन रात्री.
चहा: नावे.
हा आकडा मी दोनदा खोडला.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
वहीत लबाडी करावीशी वाटली.

बाजारात बायकांच्या संडासाची किल्ली
वॉचमनकडे असायची, दोन गल्ल्या पलीकडे.
म्हणून पाणीच प्यायचं नाही, असा आमचा जुना तोडगा.
तोही नावे पडला.
आता दुसरी किल्ली माझ्या कमरेला असते.
धनजीशेठना विचारून नाही, सांगून केली.
देठं खुडणाऱ्या बायका मागायला येतात.
त्यातली यमुना जरा जास्तच वेळा येते.
मी काही विचारत नाही,
फक्त तिच्या डब्यातला टोमॅटो बघते.

घरी दोघांना एकच भाजी, फिकी.
"मला आवडते," म्हणायचा नवरा.
एका रात्री उठले तर गॅलरीत पाठमोरा,
भाकरीच्या तुकड्यावर ठेचा,
आणि डोळ्यांतून पाणी.
चोर पकडल्यासारखी हसले मी.
म्हटलं, आत ये, उजेडात खा,
वास तरी माझ्या वाट्याला येऊ दे.

तेव्हापासून त्याचा ठेचा मीच करते.
चाखत नाही. तव्यावर मिरची
तडतडायची थांबते, तेव्हा मीठ.
तो म्हणतो, चुकत नाही तुझा हात.
हात कसा चुकेल,
त्याला कुठे पथ्य आहे?

काल अकरा महिने झाले.
दिवाळ्याहून ओले बोंबील आणले होते.
आईच्या कालवणात मूठभर आमसुलं असायची,
वर हिरवी मिरची उभी चिरून.
मी मिरची टाकली नाही.
आमसूल डब्यातून काढलं,
कात्रीनं अर्धं केलं,
उरलेलं अर्धं परत ठेवलं,
झाकण घट्ट लावलं.

पहिला घास तोंडात नुसता धरून ठेवला.
नवरा घड्याळाकडे बघत होता.

वहीत लिहिलं:
रविवार, रात्री साडेआठ.
अर्धं आमसूल.
जमा की नावे, ते बुधवारी कळेल.